जुना इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन : ऐकू येतं त्यातलं नेमकं काय कशामुळे?

स्टॅक्स किंवा कॉस या कंपन्यांचा जुना इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन ऐकलेल्या माणसाला विचारलं, तर उत्तर बहुधा ठरावीक येतं. आवाज फार चपळ आहे. गायकाने श्वास कुठे घेतला ते कळतं. तंबोऱ्याच्या चारही तारा सुट्या ऐकू येतात. बास मात्र अंगावर येत नाही. ही सगळी निरीक्षणं खरी आहेत, पण त्यांची कारणं एक नाहीत. काही गुण या तंत्राचेच आहेत. काही त्या विशिष्ट मॉडेलच्या घडणीतून येतात. आणि यंत्र तीस-चाळीस वर्षांचं असेल तर ऐकू येणाऱ्यातला बराच भाग निव्वळ त्याच्या वयाचा असतो. हे वेगळं काढता आलं नाही, तर माणूस एखाद्या थकलेल्या जोडीवरून सगळ्या तंत्रालाच नावं ठेवतो, किंवा एखाद्या कर्कश जोडीला ‘बारकावे दाखवणारी’ म्हणून डोक्यावर घेतो.

सुरुवात तंत्रापासून करू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

साध्या हेडफोनमध्ये एक कायमचा लोहचुंबक असतो, त्याच्या फटीत तारेचं बारीक वेटोळं असतं आणि त्या वेटोळ्याला प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. वेटोळ्यातून संगीताचा प्रवाह गेला की ते पुढे-मागे हलतं आणि पडद्याला हलवतं. ही रचना दणकट आहे, स्वस्त आहे, मोबाइलवरही चालते, आणि तिच्यात फार सुंदर हेडफोन बनले आहेत. अडचण अशी की जोर लागतो तो फक्त वेटोळं चिकटलेल्या जागी. लाटलेला ओला पापड मधोमध एका बोटाने उचलायला गेलं तर मधला भाग वर येतो आणि कडा मागे लोंबत राहतात. तळहातावर घेतला तर सगळा एकदम उचलला जातो. पडद्याचंही तसंच. खालच्या स्वरांत तो एकसंध हलतो, पण काही हजार हर्ट्झच्या वर गेलं की त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे हलायला लागतात. मूळ संगीतात नसलेली बारीक थरथर त्यात मिसळते, आणि स्वर थांबला तरी ती लगेच थांबत नाही.

इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये चुंबकही नाही आणि वेटोळंही नाही. पॉलिएस्टरची अतिशय पातळ फिल्म एका चौकटीवर ताणून बसवलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवून, भोकं पाडलेल्या धातूच्या दोन जाळ्या असतात. या जाळ्यांना स्टेटर म्हणतात. फिल्मवर कायम काही शे व्होल्टचा स्थिर विद्युतदाब दिलेला असतो, तो बायस. कोरड्या केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, त्यामागचं बल आणि इथलं बल एकच. संगीताचा सिग्नल दोन्ही जाळ्यांना एकमेकांच्या उलट दिला जातो: एक जाळी धन होते तेव्हा दुसरी ऋण होते. भारलेल्या फिल्मला एक जाळी ढकलते आणि त्याच क्षणी दुसरी ओढते. हे बल फिल्मच्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर एकसारखं लागतं. मधोमध जोर आणि कडा मागे, असा प्रकारच उरत नाही.

फिल्म किती पातळ असते, हा आकडा एकदा नीट समजून घेण्यासारखा आहे. स्टॅक्सच्या लॅम्डा मालिकेत ती १ ते २ मायक्रॉनच्या दरम्यान होती (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. दीड मायक्रॉनची फिल्म धरली तर तिच्या दहा चौरस सेंटिमीटरचं वजन होतं जेमतेम २ मिलिग्रॅम. हवेलाही वजन असतं, दर घन सेंटिमीटरला सुमारे १.२ मिलिग्रॅम. म्हणजे या फिल्मचं वजन तिच्याच आकाराच्या, पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या हवेच्या थराइतकं भरतं. इतक्या हलक्या गोष्टीवर आजूबाजूच्या हवेचाच ताबा असतो. सिग्नल थांबला की हवाच तिला थांबवते. लोक ‘वेग’ म्हणतात त्याचं मूळ इथे आहे.

आणखी एक बारकावा आहे, जो क्वचितच सांगितला जातो. फिल्मवरचा वाहक थर मुद्दाम ‘वाईट’ वाहक ठेवलेला असतो. तो चांगला वाहक असता तर फिल्म एका जाळीकडे सरकली की तिच्यावरचा चार्ज लगेच इकडून तिकडे पळाला असता, बल कमी-जास्त झालं असतं आणि आवाजात विकृती आली असती. रोध प्रचंड ठेवल्यामुळे चार्ज जागच्या जागी अडकून राहतो, आणि बल संगीताच्या सिग्नलच्या सरळ प्रमाणात मिळतं. इलेक्ट्रोस्टॅटिकचा आवाज इतका स्वच्छ का, याच्या उत्तराचा अर्धा भाग या थरात आहे. तो थर झिजला की काय होतं, ते पुढे येईलच.

या सगळ्याची किंमत विजेच्या रूपात मोजावी लागते. मोबाइलचं हेडफोन सॉकेट साधारण एक व्होल्ट देतं. या जाळ्यांना संगीताचा सिग्नलसुद्धा शेकडो व्होल्टचा लागतो. म्हणून वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, किंवा साध्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या तारा घेऊन त्यांचा दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवणारी पेटी लागते. स्टॅक्सची एसआरडी-७ ही अशीच एक पेटी. जुन्या स्टॅक्सची केबल रुंद आणि चपटी का, हा प्रश्नही इथेच सुटतो. तारा एकमेकींच्या जवळ आल्या की त्यांच्यातली विद्युत धारकता वाढते, आणि हेडफोनला मिळायचा सिग्नल केबलमध्येच खर्च होतो. म्हणून तारा पट्टीत लांब लांब मांडलेल्या असतात.

थोडा इतिहास

इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांनी १९५७ साली क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला, तेव्हा हे तत्त्व घरातल्या ऐकण्यासाठी किती उंचीवर जाऊ शकतं ते पहिल्यांदा नीट दिसलं. जपानमध्ये स्टॅक्स ही कंपनी १९३८ पासून होती. तिने तेच तत्त्व कानाच्या आकारात आणलं आणि १९६० साली एसआर-१ विकायला काढला. जगातला पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन तो. स्टॅक्स त्याला हेडफोन म्हणतच नाही, ‘इअरस्पीकर’ म्हणते. अमेरिकेत मिलवॉकीच्या कॉसने १९६८ मध्ये ईएसपी-६ काढला. ट्रान्सफॉर्मर थेट कानाच्या वाट्यांमध्येच बसवल्यामुळे तो डोक्यावर चांगलाच जड व्हायचा.

सर्वाधिक गाजलेली घडण म्हणजे १९७९ चा स्टॅक्सचा एसआर-लॅम्डा. चौकोनी, मागून उघडी चौकट आणि आत मोठा लंबगोल ड्रायव्हर, म्हणजे फिल्म आणि जाळ्या मिळून आवाज काढणारा भाग, ज्यात अख्खा कान सामावतो. १९८२ मध्ये लॅम्डा प्रो आला आणि बायस २३० व्होल्टवरून ५८० व्होल्टवर गेला. १९८७ मध्ये त्याहून पातळ फिल्मचा लॅम्डा सिग्नेचर आला. कॉसने १९९० मध्ये ईएसपी/९५० आणला. जर्मनीच्या झेनहायझरने १९९१ मध्ये व्हॅक्यूम ट्यूबच्या ॲम्प्लिफायरसह ऑर्फिअस काढला, फक्त ३०० संच. इतिहास यापेक्षा मोठा आहे, पण ऐकण्याच्या दृष्टीने एवढे टप्पे पुरेत.

ऐकायला काय मिळतं

तंबोऱ्यापासून सुरुवात करावी असं मी आवर्जून सांगेन. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जे वाद्य घडवलं, त्यातली जवारी ही ध्वनियंत्राची सगळ्यांत कठोर परीक्षा आहे. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून जी जवारी उघडते, तिच्यामुळे एका तारेतून स्वरांची एक आख्खी रांग निघते. एक उपस्वर वर येतो, विरतो, तोवर दुसरा उगवलेला असतो. सामान्य हेडफोनवर हे सगळं एका गोड गुंजनात मिसळतं. चांगल्या स्थितीतल्या लॅम्डावर ते मिसळत नाही. एकेक उपस्वर कधी सुरू झाला आणि कधी मावळला, ते वेगळं कळतं. पंचमाच्या तारेनंतर जोडीच्या तारा वाजतात तेव्हा त्या दोघींमधला अगदी सूक्ष्म फरकही कळतो.

त्याचं कारण वर आलंच आहे. फिल्म स्वतःचं काही मागे ठेवत नाही, म्हणून एक स्वर विरताना पुढच्याच्या सुरुवातीवर चढत नाही. ‘वेग’ हा शब्द इथे थोडा फसवा ठरतो. साधा हेडफोनही २० हजार हर्ट्झपर्यंत पोचतो, तेव्हा सुरू होण्यात तो काही मंद नाही. फरक थांबण्यात आहे. तबल्यावर हे लगेच पटतं. चाटेवरच्या ‘ना’चा टणत्कार दोन्हीकडे तितकाच टोकदार असतो, पण इलेक्ट्रोस्टॅटिकवर त्यानंतरची शांतता खरोखर शांत असते, आणि त्या शांततेत शाईची हलकी गुंज, बोट उचलल्याचा आवाज, बैठकीच्या खोलीची जागा ऐकू येते. द्रुत लयीतल्या रेल्यात बोल चिकटत नाहीत. ज्यांना तबल्याचा अभ्यास करायचा आहे त्यांच्यासाठी हे केवळ सुख नाही, ती सोय आहे.

मानवी आवाजाचा अनुभव आणखी वेगळा. किशोरी आमोणकरांच्या विलंबित आलापीत स्वर लागण्याआधीचा जो एक क्षण असतो, ज्यात श्वास स्वरात बदलतो, तो क्षण इथे सापडतो. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या गाण्यातला तान संपण्यापूर्वीचा दम आणि कुमार गंधर्वांच्या मध्येच तोडलेल्या स्वरामागची पोकळी, हे सगळं मुळात ध्वनिमुद्रणात असतंच. हेडफोन नवीन काही घालत नाही. त्यावरून काही सरकवत नाही, एवढंच.

अगदी जुन्या ध्वनिमुद्रणांवर मला याचा सर्वांत मोठा फायदा वाटतो, आणि हे अनेकांना अनपेक्षित वाटतं. इतका उघडा हेडफोन ७८ आरपीएमच्या तबकडीची खरखर असह्य करेल, अशी भीती असते. प्रत्यक्षात बरेचदा उलट होतं. खरखरीचा प्रत्येक टिचका उमटतो आणि तिथेच संपतो, तो गाण्यावर पसरत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांचं निधन १९३७ चं. त्यांच्या तबकड्यांमध्ये वरच्या पट्टीतलं फार काही नाहीच, पण जे मधल्या पट्टीत आहे, तो लांब आणि एकाच जागी स्थिर राहणारा सूर, तो खरखरीच्या मागे सुटा उभा राहतो. कान थोड्या वेळात खरखर बाजूला ठेवायला शिकतो.

आता बास. ‘इलेक्ट्रोस्टॅटिकला बास नसतो’ हे विधान चूक आहे. कानाभोवतीची गादी नीट बसली तर लॅम्डाचा खर्ज सरळ आणि खूप खोल जातो. कमी पडतो तो दणका. फिल्मला हलायला दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा असते, लावता येणाऱ्या बलालाही मर्यादा असते, आणि मागची बाजू उघडी असते. पखवाजाचा ‘धा’ कोणत्या स्वराचा आहे, डाव्यावर पिठाची कणीक किती ओली होती, हे कळतं. पण तो छातीत जाणवत नाही. ढोल-ताशासाठी किंवा आजच्या सिनेसंगीतासाठी हे यंत्र नाही, आणि तसं स्पष्ट म्हणण्यात काही कमीपणा नाही. चष्मा घालणाऱ्यांनी एक प्रयोग मात्र जरूर करावा: चष्मा काढून तोच तुकडा पुन्हा ऐकावा. चष्म्याची दांडी गादीखाली जी बारीक फट ठेवते, तेवढ्यातून बराच खर्ज निसटतो. या हेडफोनांना बास नाही म्हणणाऱ्या काही जणांची तक्रार एवढ्यावर मिटते.

तत्त्व एकच, रंग वेगवेगळे

सगळे इलेक्ट्रोस्टॅटिक एकसारखे वाजत असते तर ऐकण्यात मजा उरली नसती. स्टॅक्सचा एसआर-एक्स मार्क ३ हा सत्तरच्या दशकातला छोटा, गोल हेडफोन. त्याच्या छोट्या वाट्या कानाला अगदी खेटून बसतात. त्याचा मधला भाग, म्हणजे माणसाचा आवाज, सारंगी, हार्मोनियम, इतका पुढे आणि इतका बारीक असतो की गायक समोर नाही, कानाशी बसलाय असं वाटतं. खर्ज हलका आहे आणि जागेचा अंदाज मर्यादित आहे. ख्याल ऐकण्यासाठी मला तो अजूनही फार प्रिय आहे. मोठ्या वाद्यवृंदासाठी मी तो सुचवणार नाही.

लॅम्डा अगदी वेगळा. आवाज डोक्याबाहेर पसरतो, वाद्यांमध्ये अंतर पडतं, सभागृहाची खोली कळते. त्याच्या मोबदल्यात वरच्या पट्टीत एक चमक आहे, जी लॅम्डा प्रोमध्ये जाणवते आणि सिग्नेचरमध्ये काही जणांना टोचते. व्हायोलिनवर ती पहिल्यांदा मोहक वाटते, तासाभराने कान थकवते. कॉसचा ईएसपी/९५० याच्या उलट. मऊ, उबदार, थोडा मागे बसून ऐकल्यासारखा. त्याचं प्लास्टिकचं शरीर त्याच्या आवाजाला शोभत नाही, पण रात्री तासन्‌तास ऐकायला तो सगळ्यांत सुखाचा. स्टॅक्सचा १९७७ चा सिग्मा तर स्वतःच एक प्रयोग आहे. त्यात ड्रायव्हर कानावर न ठेवता कानाच्या पुढे, गालाच्या बाजूला उभा बसवलाय, म्हणजे आवाज समोरून यावा. तो खरंच बराचसा समोरून येतो, आणि त्यासाठी वरच्या पट्टीतला उजेड कमी झालेला असतो.

मग ‘बारकावे’ कुठले आणि निव्वळ ‘चमक’ कुठली, हे ओळखायचं कसं? माझ्या मते हा या छंदातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याला एक चोख उत्तर आहे. वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या ठिकाणी केलेली ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐकावीत. जी गोष्ट प्रत्येकात सारखीच ऐकू येते, तो हेडफोनचा स्वतःचा रंग. जी प्रत्येकात बदलते, ती ध्वनिमुद्रणाची. आकाशवाणीच्या जुन्या फितीवरचा तंबोरा, साठच्या दशकातल्या एलपीवरचा तंबोरा आणि आजच्या डिजिटल मुद्रणातला तंबोरा जर तिन्हीकडे सारख्याच झगझगीतपणे चमकत असतील, तर तो बारकावा नव्हे, वरच्या पट्टीतला उंचवटा आहे. तिन्ही तंबोरे तीन वाद्यं वाटत असतील, तर यंत्र खरोखर काही दाखवतंय.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवणं हेही तितकंच गरजेचं. दोन हेडफोनांपैकी जो किंचित मोठा वाजतो तो कानाला हटकून चांगला वाटतो, मग तो कोणताही असो. आणि मत पहिल्या पाच मिनिटांत बनवू नये. चमक पहिल्या पाच मिनिटांत जिंकते, समतोल दुसऱ्या दिवशी.

वयाचा आवाज

जुनी जोडी ऐकताना पहिली शंका वयाची घ्यावी. सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे एक बाजू कमी ऐकू येणं. आधी हेडफोन उलटा घालून पाहावा, डावी वाटी उजव्या कानावर. कमजोरी वाटीबरोबर दुसरीकडे गेली तर निदान आपला कान ठीक आहे. मग ॲम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या-उजव्या तारा अदलाबदल कराव्यात. तरीही कमजोरी त्याच वाटीत राहिली तर दोष ॲम्प्लिफायरच्या त्या वाहिनीत किंवा हेडफोनमध्ये आहे, आणि दुसरा हेडफोन लावून पाहिलं की कुठल्या ते कळतं.

हेडफोनच असेल तर बहुतेकदा फिल्मवरचा तो मुद्दाम वाईट ठेवलेला वाहक थर झिजलेला असतो, किंवा चार्ज कुठून तरी गळत असतो. बायस देणाऱ्या वाटेत सुरक्षिततेसाठी काही दशलक्ष ओहमचा रोध असतो, त्यामुळे पुरवठा अगदी थेंबाथेंबाने होतो. गळती थोडी जरी झाली तरी फिल्मवरचा दाब खाली येतो आणि आवाज खचतो. चालू केल्यावर एक बाजू हळूहळू, अर्ध्या-एक तासात वर येत असेल तर ती जोडी अजून चालवण्यासारखी आहे. सुरुवातीला बरोबर असून वेळ जाईल तसा आवाज कमी होत असेल तर गळती आहे.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या वाचकांनी याकडे जास्तच लक्ष द्यावं. जुलैत तिथे हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत धुळीच्या कणांवर आणि चौकटीच्या प्लास्टिकवर पाण्याचा अदृश्य थर धरतो आणि चार्जला पळवाट मिळते. पुण्यात डिसेंबरमध्ये निर्दोष वाजणारी जोडी पावसाळ्यात दादरला नेली तर एका कानात कुजबुजायला लागू शकते, आणि कोरडी झाली की पूर्ववत होते. छायाचित्रकार लेन्स ठेवतात ती कोरडी पेटी, किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, एवढ्याने पावसाळा निभावतो. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मात्र कधीही मारू नये. ताणलेल्या फिल्मचा ताण त्याने बिघडू शकतो.

मधूनच येणारी बारीक शिट्टी किंवा चरचर हे धुळीचं लक्षण. फिल्म आणि जाळी यांच्यामध्ये एखादा कण शिरला की तिथून बारीक ठिणगीसारखी गळती होते. फिल्मच्या पुढे-मागे प्लास्टिकचा आणखी एक अतिपातळ धूळपडदा असतो, तो फाटलेला नाही ना ते पाहावं. जुन्या गाद्यांमधला फोम सडून त्याचा भुगा होतो आणि तो नेमका याच पडद्यावर पडतो, म्हणून तसला फोम दिसताच काढून टाकावा. हेडफोन डोक्यावर चढवताना मात्र ‘फट्’ किंवा ‘चुर्र’ असा आवाज आला तर घाबरू नये. हवेच्या दाबाने फिल्म क्षणभर जाळीला टेकते, एवढंच ते असतं.

गाद्यांबद्दल एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. चपट्या पडलेल्या गादीमुळे कान ड्रायव्हरच्या जवळ येतो आणि कडेने फट राहते. खर्ज जातो, वरची पट्टी बोचरी होते. ‘जुना लॅम्डा पातळ आणि टोकदार वाजतो’ हे मत कितीदा तरी चपट्या गादीचं वर्णन असतं. नव्या गाद्या घातल्याशिवाय जुन्या हेडफोनबद्दल अंतिम मत देऊ नये.

इलेक्ट्रेट प्रकारचे हेडफोन वेगळे समजावेत. त्यांत बायस बाहेरून द्यावा लागत नाही, चार्ज बनवतानाच आत गोठवलेला असतो. सत्तरच्या दशकात स्टॅक्ससह अनेक जपानी कंपन्यांनी ते स्वस्तात विकले. काही अजून सुंदर वाजतात, पण गोठवलेला चार्ज दशकांनंतर विरतो, आणि तो घरी परत भरता येत नाही. दोन्ही बाजू प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय ते घेऊ नयेत.

आपल्याकडे वापरायचे तर

बरीचशी जुनी स्टॅक्स यंत्रणा जपानमधून येते आणि ती १०० व्होल्टची असते. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ती थेट लावली तर ॲम्प्लिफायर जळेल. २३० वरून १०० वर आणणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, १०० वॉटचा पुरतो. वारंवारतेची काळजी नको, टोकियोसह जपानच्या पूर्व भागात आपल्यासारखीच ५० हर्ट्झची वीज आहे. ट्रान्सफॉर्मरच्या पेट्यांपैकी ज्यांच्या नावात एसबी ही अक्षरं आहेत, त्या बायस संगीताच्या सिग्नलमधूनच तयार करतात. त्यांना भिंतीची वीजच लागत नाही, आणि घरात बरा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल तर सुरुवातीला तीच सर्वांत सोपी वाट. कुठलीही पेटी उघडायच्या फंदात मात्र पडू नये. बटण बंद केल्यानंतरही आतले कपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून बसलेले असतात.

पिनांकडेही बघून घ्यावं. २३० व्होल्ट बायसच्या जुन्या हेडफोनला सहा पिना असतात, ५८० व्होल्टच्या ‘प्रो’ हेडफोनला पाच. मधली पिन नसते. सहा पिनांचा प्लग प्रो सॉकेटमध्ये शिरतच नाही, त्यामुळे जुन्या फिल्मवर चुकून जास्त दाब पडत नाही. पाच पिनांचा प्लग सहाच्या सॉकेटमध्ये बसतो, फक्त आवाज कमी येतो. कुणी पिन कापलेली किंवा भोक वाढवलेलं दिसलं तर ती वस्तू घेऊ नये.

पहिलाच जुना इलेक्ट्रोस्टॅटिक घ्यायचा असेल तर माझं मत लॅम्डा प्रोच्या बाजूने आहे, त्याच्या वरच्या पट्टीतल्या चमकेसकट. त्याच्या मापाच्या गाद्या मिळतात, दुरुस्ती करणारे त्याला ओळखतात, आणि १९८२ मध्ये ठरलेला तो ५८० व्होल्टचा, पाच पिनांचा सॉकेट स्टॅक्सने पुढे बदलला नाही. आज विकत घेतलेल्या स्टॅक्सच्या नव्या ॲम्प्लिफायरमध्येही तो प्लग सरळ बसतो आणि वाजतो.